मदत हवी आहे: मॅक्रो (अगदी जवळून काढलेल्या) फोटोत फोकस काही केल्या बसत नाही

मंडळी, मखमलाबादला आमची द्राक्षबाग आहे, सध्या ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) सालीखाली पांढरं कापसासारखं दिसतंय. वडील म्हणतात मिलीबग (पिठ्या ढेकूण), फवारणी मारून मोकळं होऊ. मला वाटतंय त्यात क्रिप्टोलेमसच्या अळ्यापण आहेत, म्हणजे मिलीबग खाणारा मित्रकीटक, मागे सोडले होते आम्ही, पण ही अळी दिसते अगदी मिलीबगची सख्खी बहीण. म्हटलं क्लोजअप काढून वडिलांपुढे ठेवू तर फोटोच धड येईना.

कॅनन ७००डी कॅमेरा, जुनी ५० एमएम १.८ लेन्स आणि ऑनलाइन मागवलेल्या स्वस्तातल्या एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायच्या पोकळ नळ्या), ७, १४, २८ एमएम तिन्ही लावल्यात. ऑटोफोकस चालत नाही, हाताने फिरवून फिरवून वैताग आला, एखादा केस शार्प येतो बाकी सगळं पीठ. ट्रायपॉडवरपण तेच. लेन्स गेली का? मॅक्रो लेन्सचं माल गेल्यावर बघू.

उत्तर १
लेन्स ठणठणीत आहे. स्क्रीनवर ॲपर्चरच्या (लेन्समधलं लहान-मोठं होणारं छिद्र) जागी ०० दिसतंय ना? त्या ट्यूबला विजेचे काँटॅक्ट नसतात, कॅमेऱ्याला लेन्स कळतच नाही आणि ॲपर्चर १.८ ला, म्हणजे पूर्ण उघडंच राहतं. एवढ्या जवळून १.८ ला फोकसची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग, मग केसच येणार. जुगाड आहे: लेन्स थेट बॉडीवर लावा, एव्ही मोडला (ज्यात ॲपर्चर आपण ठरवतो) एफ ८ करा, लेन्सजवळचं डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून लेन्स काढा. ॲपर्चर तिथंच अडकतं. मग ट्यूब लावा. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या वर जाते. एफ १६ च्या नादी लागू नका, ट्यूबमुळे ८ चाच परिणाम १६ सारखा होतो, पुढे गेलात तर सगळंच मऊ दिसतं.

उत्तर २
आणि रिंग फिरवणं सोडा. ती एकदा ठेवून द्या, कॅमेराच धरून हळूच मागे-पुढे झुला आणि डोळा शार्प दिसला की क्लिक, पाच-सात मारा, एक लागतो. व्ह्यूफाइंडर काळोखा होईल, टॉर्च लावा, फोटोला फ्लॅश, फ्लॅशच्या पुढे टिश्यू पेपर. सकाळी सातच्या आत जा, गारठ्यात किडे सुस्त असतात आणि वारापण नसतो.
पण दादा, फोटो कशाला, मोबाइलवर व्हिडिओ घ्या की! अळी तुरुतुरु चालते, मिलीबग जवळपास जागचा हलत नाही.

धागाकर्ता
००च आहे 😅 व्हिडिओचं सुचलंच नव्हतं. वडिलांकडून उद्या दुपारपर्यंतची मुदत घेतलीय, फवारणीची टाकी भरलेलीच आहे. सकाळी दोन्ही करतो, इथेच टाकतो.