टिनाखालची १२ × १० फुटी खोली : ८६ हर्ट्झच्या खड्ड्याचं काय करावं?

टिनाखाली
विटांच्या भिंती, वर उताराचं टिन, उंची ९ ते ११ फूट. साडेपाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर, पोर्ट मागे, वूफर भिंतीपासून १ मीटर. यूमिक-१ (मोजमापाचा यूएसबी माइक) आणि आरईडब्ल्यूने (खोलीचा आवाज मोजायचं सॉफ्टवेअर) खुर्चीत मोजलं तर ४७ हर्ट्झला ११ डीबीचा उंचवटा (तिथे आवाज जास्त), ८६ ला १५ डीबीचा खड्डा (तिथे कमी). इक्वलायझर एपीओत (कॉम्प्युटरवरचा इक्वलायझर) ८६ ला +१० डीबी बूस्ट दिला. ग्राफ सुधारला, पण वूफर फडफडतो आणि दारापाशी घुमतं. काहून?

वऱ्हाडी_बास
१० डीबी म्हणजे ॲम्पकडून दहापट पॉवर, भाऊ. साडेपाच इंचाचा कोन तेवढा हलणार कुठे? शिवाय खड्डा फक्त तुमच्या खुर्चीत आहे, बूस्ट मात्र सगळ्या खोलीला मिळतो. म्हणून दार घुमतं.

भिंतीवरून परतलेला आवाज उलट फेजमध्ये येऊन थेट आवाज खातो. ध्वनीचा वेग ३४३ मीटर/सेकंद, भागिले भिंतीपासूनच्या अंतराची चौपट : १ मीटरला ८६. तो फिल्टर काढा, स्पीकर मागे सरकवा. वूफर ते भिंत ४० सेंमी झालं की खड्डा २१४ च्या आसपास जातो, तिथे रुईचं पॅनल कामी येतं. पोर्टमागे चार बोटं जागा ठेवा. बास वाढेल, वाढलेला बास कापणं सोपं.

४७ मात्र खोलीच्या लांबीचा आहे (३४३ ÷ ७.३२ मीटर, म्हणजे १२ फुटांची दुप्पट). तो खुशाल कापा, पण −७ किंवा −८ डीबी पुरे, क्यू (फिल्टरचा अरुंदपणा; आकडा मोठा तितका अरुंद) ४-५. फार अरुंद ठेवू नका : मे महिन्यात ४२ अंशाला ध्वनीचा वेग ३५७ च्या जवळ जातो आणि उंचवटा ४९ कडे सरकतो. हिवाळ्यात बारीक कोरलेला फिल्टर तेव्हा चुकीच्या जागी कापतो.

सरकी
आधी माप नीट घ्या. कूलर, पंखा बंद. डावा-उजवा वेगळा, ७५ डीबी, २५६के स्वीप (खालपासून वरपर्यंत चढत जाणारा चाचणीचा सूर; २५६के ही आरईडब्ल्यूतली त्याची लांबी). माइक कानाच्या उंचीवर. छताकडे उभा धरला तर ९० अंशाची कॅलिब्रेशन फाइल (माइकची स्वतःची चूक भरून काढणारी) लावा. डोक्याभोवती फूटभरात पाच-सहा जागी घेऊन सरासरी काढा. २५०-३०० हर्ट्झच्या वर ईक्यूला (इक्वलायझरला) हात लावू नका.

स्वीपमध्ये टिन खणखणलं तर डिस्टॉर्शनचा (आवाज फाटण्याचा) आलेख त्या जागी उसळतो आणि लोक स्पीकरला दोष देतात. टिनाचे जे-बोल्ट आवळा, रबरी वॉशर बदला.

रुईचं पॅनल ४ × २ फूट, ४ इंच जाड, भिंतीपासून २ इंच सुटं. पिंजलेली रुई सव्वादोन-अडीच किलो. गादीसारखी ठासू नका. दर फुटावर आडवी सुतळी, नाहीतर रुई खाली बसते. वर मांजरपाट, मागून उंदरांसाठी बारीक जाळी. इलेक्ट्रिक बोर्डाजवळ नको. ४७ ला याचा उपयोग शून्य.

टिनाखाली
+१० च्या बूस्टसाठी इक्वलायझर एपीओतला प्रीॲम्प (एकूण पातळी) −१० डीबी केला होता. तो तिथेच ठेवू का?

वऱ्हाडी_बास
बूस्ट नाही तर गरज नाही. ० करा.