आयटीआयचा पैसा कोणाच्या हातात द्यायचा?

गटनिदेशक_निवृत्त (धागाकर्ता)

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने 'पीएम-सेतू' योजना सुरू केली. तेव्हापासून आमच्या निवृत्त निदेशकांच्या ग्रुपवर रोज भांडणं चालू आहेत, म्हणून विषय इथे आणतोय.

योजना थोडक्यात अशी. देशातल्या 1,000 शासकीय आयटीआयचा दर्जा सुधारायचा. एकूण 60 हजार कोटी: केंद्राचे 30 हजार, राज्यांचे 20 हजार, उद्योगांचे 10 हजार. 200 आयटीआय 'हब' आणि बाकीच्या 800 त्यांना जोडलेल्या. कारभार पाहणार उद्योगाच्या नेतृत्वाखालची विशेष कंपनी, म्हणजे एसपीव्ही. (सोबत पाच राष्ट्रीय प्रशिक्षण संस्थाही सुधारणार आहेत, त्यात मुंबईची नाही. असो.)

माझं म्हणणं: सहावा हिस्सा घालणाऱ्याच्या हाती कासरा देऊ नका. पैसा आणि खर्चाचे अधिकार प्राचार्यांना द्या, आणि हिशेब संस्थेच्या दारावर लावायला लावा.

हे आपण एकदा करून बसलोय. 2007-08 पासून 1,396 शासकीय आयटीआयना भागीदारी योजनेत प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं. परतफेड 30 वर्षांत, पहिली 10 वर्षं हप्ता नाही. संस्था व्यवस्थापन समितीचा म्हणजे आयएमसीचा अध्यक्ष उद्योगातला, सचिव प्राचार्य. मी पाहिलेल्या समित्यांमध्ये अध्यक्षसाहेब बैठकीला एचआरचा पोरगा पाठवायचे. पैसा मुदत ठेवीत. व्याजातून कंत्राटी निदेशकांचं मानधन आणि इमारतीची रंगरंगोटी. वर्कशॉपमधले लेथ मात्र तेच, ज्यांच्यावर निदेशक स्वतः शिकले होते.

आता प्राचार्याची अवस्था बघा. ऑगस्टमध्ये मुलं व्हाइसला (जॉब पकडायच्या शिकंजाला) उभी राहतात आणि कच्च्या मालाचं अनुदान बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटप प्रणालीवर, दिसतं फेब्रुवारी-मार्चमध्ये. 31 मार्चच्या आत खर्च करा, नाहीतर समर्पित करा, म्हणजे सरकारला परत द्या. तोवर एमएस फ्लॅटचा (लोखंडी पट्टीचा) एकच तुकडा दोन बॅच फाइल करतात. वेल्डिंगच्या मुलाला रॉड मोजून मिळतात. मशीन भंगारात काढायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव वर्षानुवर्षं फिरतो. या माणसाला अधिकार न देताच 'सरकारी आयटीआय बिघडल्या' असं म्हणायचं आणि चावी दुसऱ्याला द्यायची?

---

चाकणकर

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत.

ठेवींचं आधी. परतफेडीची तरतूद म्हणून काही रक्कम ठेवीत ठेवायची मुभा त्या योजनेतच होती. कर्ज म्हणून पैसा दिलात तर समिती आधी फेडायची सोय बघणारच. तो दोष योजनेचा, अध्यक्षाचा नव्हे.

मी एका आयएमसीवर सदस्य होतो. सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) घ्यायचा ठराव आम्ही पहिल्याच वर्षी केला. मग वरची मंजुरी, मग तांत्रिक तपशील, मग त्यावर शेरा, मग फेरनिविदा. मशीन आलं तेव्हा शेडला पुरेसा वीजभार मंजूर नव्हता. ते प्लास्टिकच्या आवरणात कितीतरी महिने उभं होतं. त्या काळात आमच्या संस्थेचे प्राचार्य बदलले, नव्या साहेबांनी फाइल पहिल्यापासून मागवली. तुम्ही याच खुर्चीला सगळे अधिकार द्या म्हणताय.

माझ्याकडे येणारा फिटर व्हर्नियर नीट वाचतो, फाइलिंग उत्तम करतो. पण कंट्रोल पॅनलसमोर उभा राहिला की हात मागे बांधतो. अभ्यासक्रम, मशीन आणि निदेशकाचं प्रशिक्षण यावर कंपनीचा शब्द चालला पाहिजे. 10 हजार कोटी टाकणारा सहीपुरताच हवा असेल तर तो येणार नाही.

---

आमचीही_आयटीआय

दोघेही शासकीयवरच बोलताय. राज्यात शासकीय आयटीआय चारशेच्या वर, पण खासगी त्याहून जास्त आहेत. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या संस्थेला या 60 हजार कोटींतला रुपया नाही. संलग्नतेचे नियम तेच, परीक्षा तीच, प्रमाणपत्र तेच. शुल्क प्रतिपूर्ती महाडीबीटीवरून येते तेव्हा मुलगा पास होऊन पुण्याला गेलेला असतो. मधल्या काळात निदेशकांचा पगार कुठून देतो ते मला विचारा. सोसायटीचं कर्ज काढलंय.

---

खडूस_हिशेबनीस

@आमचीही_आयटीआय, सहानुभूती आहे, पण खासगी केंद्रांना पैसा सोडायचा म्हटलं की माझा हात आखडतो. पीएमकेव्हीवायवर (प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, छोट्या कोर्सची) कॅगचा अहवाल डिसेंबर 2025 मध्ये संसदेत आला. साधारण 96 लाख प्रशिक्षणार्थ्यांपैकी 90 लाखांहून अधिकांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, 'लागू नाही' किंवा नुसती कोरी जागा! ती योजना काही आंधळेपणाने पैसे वाटत नव्हती. दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण केंद्राला 30 टक्के प्रशिक्षण सुरू झाल्यावर, 50 टक्के प्रमाणपत्रावर आणि 20 टक्के नोकरी लागल्यावर मिळायचे. कागदावर किती छान. केंद्रं जास्त मन लावून करायची ते काम म्हणजे पुढच्या हप्त्याची कागदपत्रं.

---

आमचीही_आयटीआय

तीन महिन्यांचा कोर्स आणि दोन वर्षांचा फिटर ट्रेड एकाच तागडीत टाकलात. आमच्याकडे वर्कशॉपची जागा मोजतात, मशीन मोजतात, हजेरी लागते, परीक्षा बाहेरून होते. चोर पकडायचे तर पकडा ना. त्यांच्या नावाखाली आमची प्रतिपूर्ती का अडवता?

---

टर्नर_2019

इथे सगळे साहेब लोक बोलतायत, मी शिकून बाहेर पडलेला. संस्थेच्या पैशाचं तुम्ही बघा, मुलाच्या पैशाचं मी सांगतो.

2019 च्या नियमांत आयटीआय पास अप्रेंटिसला किमान विद्यावेतन 7,000 रुपये ठरलं. त्यातला 25 टक्के वाटा, जास्तीत जास्त 1,500, सरकारचा. पूर्वी तो कंपनीला परत मिळायचा, 2023 पासून थेट मुलाच्या खात्यात येतो. 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ परिषदेने 36 टक्के वाढ सुचवली.

आणि राज्याने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात आयटीआयवाल्याला महिना 8,000, सगळे सरकारचे. आधी सहा महिने, मग आणखी पाच वाढवले. माझ्या बॅचचा एक जण ग्रामपंचायतीत दाखले टाइप करत बसला, कारण घरी राहून 8,000 आणि चाकणला खोलीभाडं भरून 7,000. टर्नर आहे तो! 11 महिने संपल्यावर 'कायम करा' म्हणून मोर्चात गेला. त्याला मूर्ख म्हणू नका, हिशेब त्याने बरोबर केला. ज्या सरकारला दाखले टाइप करायला 8,000 देता येतात, त्याने मशीनवर उभ्या राहणाऱ्यासाठी हात 1,500 वर का आवरला?

---

चाकणकर

भाऊ, 7,000 हे किमान. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्या त्याहून चांगलं देतात, कँटीन आणि बस वेगळी. पण युवा प्रशिक्षण योजनेबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्याकडचे दोघे तिकडे गेले.

---

खडूस_हिशेबनीस

"त्याहून चांगलं देतात", कारण कायम कामगार त्याच्या कितीतरी पट महाग पडतो. कायद्याने 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यायचे. वरच्या टोकाला गर्दी का होते, हेही सांगा. पीएफ नाही, ईएसआय नाही, वर्ष संपलं की टाटा बाय बाय.

---

चाकणकर

वरच्या टोकाला गर्दी मोठ्या कंपन्यांत. छोट्या वर्कशॉपमध्ये अडीच टक्केही भरत नाहीत, कारण पोर्टल, करार, आधार जुळवणी हे करायला माणूस नाही. मालक स्वतः ड्रिल मारतो, पोर्टल कधी उघडणार?

---

लीड्समधून

इंग्लंडमध्ये एका प्रशिक्षण संस्थेत काम करतो, म्हणून इथला अनुभव. इथे 2017 पासून, ज्या कंपनीचं वर्षाचं पगारबिल 30 लाख पौंडांच्या वर आहे तिच्याकडून पगारबिलाच्या 0.5 टक्के लेव्ही, म्हणजे अप्रेंटिसशिपसाठीचा कर, घेतात. तो पैसा कंपनीच्या ऑनलाइन खात्यात दिसतो, ती संस्था निवडते, शिकवण्याचे पैसे संस्थेला दरमहा मिळतात. ठरलेल्या मुदतीत वापरला नाही तर जातो. 20 टक्के रक्कम अप्रेंटिसशिप पूर्ण होईपर्यंत रोखलेली. मधल्यामध्ये पैसा वाटणारी एजन्सीच मार्च 2025 मध्ये बंद करून सरकारच्या शिक्षण खात्यात विलीन केली.

म्हणजे चाकणकर म्हणतात तसा उद्योगाच्या हातात कासरा. झालं काय, तर बऱ्याच कंपन्यांनी तो पैसा शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांऐवजी स्वतःच्याच मॅनेजरांना पदव्युत्तर पातळीचे कोर्स करवायला वापरला. शेवटी सरकारला जानेवारी 2026 पासून त्या पातळीचा निधी मुख्यतः 16 ते 21 वयापुरता मर्यादित करावा लागला. वाईट हेतू कोणाचा नव्हता. आपल्याला लागणारं शिक्षण कंपनी विकत घेणार, गावातल्या दहावी पास पोराला काय लागतं हे तिला का सुचावं?

---

चाकणकर

तो लेव्हीचा पैसा तरी कंपन्यांच्याच खिशातला होता ना!

---

गटनिदेशक_निवृत्त

बरोबर बोललात, आणि इथे नेमकं उलट आहे. 60 पैकी 50 हजार कोटी करदात्याचे. म्हणून माझा आग्रह अधिकच घट्ट होतोय.

तुमच्या सीएनसीच्या गोष्टीवर: ती फाइल अडली ती प्राचार्याला अधिकार नसल्यामुळे. पाच ठिकाणच्या सह्या काढून टाका, मग प्राचार्य बदलला तरी ठराव जागेवर राहील. एसपीव्ही हेच करणार आहे, फक्त सरकारी संस्थेला जे स्वातंत्र्य कधी दिलं नाही ते कंपनीला देऊन. बदल्यांचा प्रश्न खरा आहे. पाच वर्षं बदली नाही, असं योजनेत लिहून घ्या. राज्याने 2025 मध्ये आयटीआयसाठी भागीदारीचं धोरण मंजूर केलंय, तिथेही हे लिहिता येईल.

आणखी एक. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(ज) खाली शासनाच्या निधीवर मोठ्या प्रमाणात चालणारी संस्था येते. मग एसपीव्हीही त्यात येते, असं पहिल्याच शासन निर्णयात छापा. नाही छापलं तर प्रत्येक अर्जाला 'आम्ही कंपनी आहोत' हे उत्तर येईल आणि अर्जदार अपिलात वर्षं घालवेल.

---

चाकणकर

माहिती अधिकाराला माझा विरोध नाही, हिशेब दारावर लावा. पण पाच वर्षं बदली नाही म्हणजे नालायक प्राचार्यही पाच वर्षं. त्याला हलवायचा अधिकार समितीला द्याल का?

---

गटनिदेशक_निवृत्त

समितीत निदेशकांचा आणि प्रशिक्षणार्थ्यांचा प्रतिनिधी असेल तर देईन. नुसत्या उद्योगाच्या सांगण्यावरून नाही.

---

टर्नर_2019

हिशेब लावाल तेव्हा एका मुलाच्या वाट्याला वर्षात किती माल आला, तो रकाना ठेवा.

---

चाकणकर

आणि प्रत्येक मशीन किती तास चाललं तेही. मला बंद मशीनचे फोटो नकोत, मीटरचं रीडिंग हवं.