मदत हवी आहे: फिश टँकमधलं शेवाळ औषध न टाकता कसं आटोक्यात आणावं?

नमस्कार मंडळी,

घरी दोन फुटी टँक आहे, साधारण ५० लिटर पाण्याचा. गप्पी, मॉली, थोडे निऑन टेट्रा, हँग-ऑन (काठावर टांगायचा) फिल्टर, वर एलईडी आणि कोपऱ्यात व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. पावसाळा संपून ऊन पडायला लागल्यापासून काचेवर हिरवे ठिपके धरतायत. मॅग्नेटवाल्या घासणीने अर्धेच निघतात, आठवड्यात पुन्हा हजर. पाणी मात्र स्वच्छ आहे, वासही नाही.

टँक पश्चिमेच्या खिडकीजवळ आहे. हलवता येणार नाही, कारण सासूबाईंना तो सोफ्यावरून दिसायला हवा! लाइट सकाळी लागतो तो रात्री जेवणं झाल्यावर बंद होतो.

दुकानदार म्हणतो, औषध टाका नाहीतर सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) सोडा. औषध नको, कारण पुढे श्रिंप (टँकमधली छोटी कोळंबी) आणायचेत आणि काही औषधांत तांबं असतं, ते श्रिंपना मारक. मग सकर आणू का? मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडून खरंच फरक पडतो का? आणि टँक चादरीने झाकून तीन दिवस अंधारात ठेवायचा उपाय कोणी केलाय?

प्रतिसाद १

सकर अजिबात नको. दुकानात बोटाएवढा दिसतो, पुढे फूटभर होतो. मोठा झाला की शेवाळ सोडून माशांच्या खाद्यावर डोळा, वर घाण एवढी की शेवाळाला आयतं खत. मग लोक तो नदी-तलावात सोडतात. उजनीच्या जाळ्यांत हेच मासे येऊन मच्छीमारांच्या डोक्याला ताप झालाय.

तुमच्याकडे मुख्य भानगड उजेडाची वाटते. लाइटला टायमर लावा, सहा-सात तास पुरे. दुपारी तीन ते रात्री दहा ठेवा, म्हणजे सासूबाईंची मालिकेची वेळही सांभाळली जाईल. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच, आठवड्यातून एक दिवस उपास (आमचे मासे सोमवार करतात). दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला, नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन विसरू नका.

मनी प्लांट चालतो, नायट्रेट (माशांच्या घाणीतून तयार होणारं, शेवाळाला पोसणारं द्रव्य) ओढून घेतो. फांदी फिल्टरच्या डब्यात खोचा. मुळं पाण्यात, पानं बाहेर. नवी मुळं फुटेपर्यंत मात्र धीर धरावा लागतो. चादरीचा उपाय पाणीच हिरवं झालं असेल तर कामाचा, काचेवरच्या ठिपक्यांना तो पुरत नाही. ते जुन्या एटीएम कार्डाने खरवडा.

प्रतिसाद २

नेराइट गोगलगायी बघा. काचेवरचे असे कडक ठिपके खाणारं दुसरं फारसं कोणी नाही. गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं होत नाहीत, त्यामुळे टँकभर गोगलगायी व्हायची भीती नाही. पांढरी अंडी तेवढी दगडांवर चिकटतात, ती दिसायला वाईट. टँकला झाकण हवं, नाहीतर सकाळी भिंतीवर सापडतील.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. टायमर आज आणते, सकर रद्द. एकच विचारायचंय: ऊन चारनंतर बाजूने तिरकं येतं, तर ते अडवायला काळा कागद मागच्या काचेला लावू की खिडकीकडच्या?

प्रतिसाद १

खिडकीकडच्या, आणि बाहेरून. मागची काच उन्हात येत नसेल तर राहू द्या.