मदत हवी आहे: लेकीला आनसायचा ढोल शिकायला न्यायचंय
आम्ही शांघायला राहतो. लेक अकरा वर्षांची, इथल्या गणपतीत ताशा वाजवते. आता तिला शाआन्शी (Shaanxi) प्रांतात, यानआनजवळच्या आनसायचा कंबरेला बांधायचा ढोल शिकायचाय. 2006 साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आलेला हाच तो. काठ्यांना लाल रेशमी फडकं, वाजवता वाजवता उड्या आणि गिरक्या, पायाखालून पिवळ्या मातीचा धुरळा! यात नुसता हात बसून भागत नाही, पायही तालात पडावे लागतात. म्हणून शहरातल्या तासाभराच्या क्लासपेक्षा तिथल्याच जाणत्या वादकाकडे आठवडाभर शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

उन्हाळी सुट्टीत कुणी मुलांना तिकडे नेलंय का? इतक्या लहान मुलांना शिकवतात का? त्यांच्या मापाचा ढोल तिथे मिळतो का? शिआनहून पुढे कसे गेलात आणि शाकाहारी जेवणाचं काय केलंत, तेही कृपया सांगा.