मदत हवी आहे: स्पॅनिश मेलमध्ये 'उशीर होणार' कसं लिहायचं?

मेक्सिकोच्या क्लायंटला आज मेल टाकायचाय की डिलिव्हरी या शुक्रवारऐवजी पुढच्या बुधवारी मिळेल. माणूस उशिरा पोचला तर 'येगार तार्दे' हे माहितीये, पण काम लांबलं तर? डिक्शनरीत 'रेत्रासो' आणि 'देमोरा' दोन्ही आहेत, ट्रान्सलेटर दर वेळी वेगळंच काढतो. 'तेंगो उन रेत्रासो' बाईने म्हटलं तर पाळी लांबलीये असाही अर्थ निघतो म्हणे, त्यामुळे मी ते तर लिहिणारच नाही! 'प्लासो बेन्सिदो' (मुदत संपलेली) वाचून थकलेल्या हप्त्याची नोटीस वाटते, आणि मुदत अजून संपलेलीही नाहीये, आधीच कळवतेय. टोन फॉर्मल, 'उस्तेद'वाला (म्हणजे आदरार्थी 'तुम्ही'). स्पेनचं नको, मेक्सिकोच्या ऑफिसात काय चालतं ते हवंय. तर 'डिलिव्हरीत उशीर' यासाठी 'रेत्रासो एन ला एन्त्रेगा' लिहू की 'देमोरा एन ला एन्त्रेगा'?