कान स्वच्छ, तरी उजवा कान आणि अर्धं डोकं ठणकतंय. कुणाला अनुभव?

तीन आठवडे झाले. उजव्या कानात आतून ठणका सुरू होतो, कानशिलापर्यंत चढतो, कधी मानेत उतरतो. डावी बाजू ठणठणीत. कान वाहत नाही, ताप नाही, ऐकू नीट येतं. कानाच्या डॉक्टरांनी पडदा पाहून ‘कान स्वच्छ आहे’ म्हटलं. मग दुखतो कशाला? सकाळी उठल्या उठल्या जास्त असतं. वय ३८, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. रात्री नेटवर वाचत वाचत ब्रेन ट्यूमरपर्यंत पोचलोय.

उत्तर १
आधी ते नेट बंद करा. जांभई देताना, चावताना दुखणं वाढतं का? कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. कट्कट् लागते का हाताला?

मी दोन महिने कानात थेंब घालत बसले होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! शेवटी दुसऱ्याच कामासाठी दातांच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी विचारलं, ‘झोपेत दात खाता का?’ दाढा झिजून सपाट झाल्या होत्या. जबड्याचा सांधा कानाला खेटूनच असतो, आणि जबडा, दात, घसा, मान यांच्याकडे जाणाऱ्या नसांचेच फाटे कानालाही येतात. त्यामुळे बिघाड तिथे, बोंब कानात. किडलेली किंवा अडकलेली अक्कलदाढसुद्धा हेच करते. मला रात्री दातांवर घालायचा गार्ड दिला. दीडेक महिन्यात सकाळचं दुखणं गेलं.

उत्तर २
जबडाच असेल असं नाही. घणाचे घाव घातल्यासारखं, मळमळ, उजेड नकोसा, तर अर्धशिशी. गालाला वारा लागला किंवा दात घासले तरी क्षणभर विजेचा झटका, तर चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. मानेतून डोक्याच्या मागे चढत असेल तर मान तपासून घ्या.

थांबायचं नाही अशा दोन गोष्टी. कानाभोवती पुरळ येऊन तोंड वाकडं झालं तर नागीण असू शकते, औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालेलं बरं. आणि पन्नाशीनंतर नव्याने डोकं दुखू लागलं, केस विंचरताना टाळू दुखते, चावताना जबडा थकतो, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तवाहिनीला सूज असेल तर दृष्टी जाऊ शकते. तुमचं वय पाहता हे दुसरं तुम्हाला नाही, पण घरातल्या मोठ्यांसाठी लक्षात ठेवा.

प्रश्नकर्ता
बोट ठेवून पाहिलं. उजवीकडे स्पष्ट कट् लागतं, डावीकडे काहीच नाही. बायकोला विचारलं तर म्हणाली, ‘रात्री उंदीर कुरतडतो तसा आवाज येतो, मला वाटलं तुला माहीत आहे.’ लग्नाला नऊ वर्षं झाली! उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जातो. तोवर रोज एक वेदनाशामक गोळी घेतोय, चालेल ना?

उत्तर १
डॉक्टरांना नक्की सांगा किती दिवस घेताय. महिन्यातले अर्धे दिवस गोळ्या चालू राहिल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं, मीही त्यात अडकले होते. तोवर जबड्याला कोमट शेक द्या, कडक काही चावू नका. आणि आत्ता हे वाचताना दात एकमेकांवर दाबलेले आहेत का बघा.

प्रश्नकर्ता
होते.