एमडी घेणारी पोरं: पोलीस की दवाखाना?

वडाळ्याची बाई:
आमच्या चाळीच्या टोकाला बंद पडलेलं शौचालय आहे. संध्याकाळी सातनंतर तिथे एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरच्या, पुड्या विकल्या जातात. दोन महिन्यांत तीन सिलिंडर गेले, नळाच्या पितळी तोट्याही सोडल्या नाहीत. परवा जिन्यात एक मुलगा बसलेला दिसला. चौथीपर्यंत माझ्याकडे शिकवणीला यायचा. ओठ फाटलेले, जबडा सारखा चावत होता. म्हणाला, "बाई, तीन रात्री झोप नाही." चाळ कमिटी म्हणते पोलिसांत द्या. आया म्हणतात, केस पडली की पोराचा जन्म वाया. यांना एकत्र कसं बसवू?

परळचा दादा:
बाई, धाकट्या भावापायी हे सगळं भोगलंय म्हणून सांगतो. विकणारा आणि घेणारा एका यादीत घालू नका. विकणाऱ्याची खबर अमली पदार्थविरोधी हेल्पलाइनला, १९३३ वर द्या, नाव गुप्त राहतं. आयांना मात्र एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४-अ वाचून दाखवा. अल्प मात्रेसह सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवत नाहीत. एमडीसाठी कायद्यातली अल्प मात्रा म्हणजे २ ग्रॅमपर्यंत. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते, हेही सांगा. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. भाऊ सात महिने केसच्या भीतीने लपत फिरला आणि त्या सात महिन्यांतच आईचं मंगळसूत्र गेलं.

शिवडीचा कार्यकर्ता:
आम्ही आधी नुसता हॅलोजन लावला. गर्दुल्ले पुढच्या गल्लीत गेले, एवढंच. मग बीटचे हवालदार आणि एक समुपदेशक मंडळाच्या खोलीत आयांसमोर बसले, तेव्हा कुठे पोरं उपचाराला निघाली. गर्दवाल्यांना, म्हणजे हेरॉइन घेणाऱ्यांना, केंद्रात ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी जिभेखाली देतात, तलफ भागली की चोरीची गरज उरत नाही. एमडीला अशी गोळी नाही. तिथे समुपदेशन लागतं, आणि संध्याकाळी पोराला एकटं सोडायचं नाही. आमच्याकडे दोघं व्यायामशाळेची चावी सांभाळतात.

वडाळ्याची बाई:
कलमाची प्रिंट काढून त्या मुलाच्या आईकडे गेले. दार लावून घेतलं, मगच वाचू दिलं तिनं. माझ्याच फोनवरून व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ लावला. गुरुवारी ओपीडीला नेतोय त्याला, मीही सोबत जातेय. हवालदारांना रविवारी बोलावलंय.